बाबा, या वेळी मत घ्यायला घरी कोणी येणार नाही

बेंगळुरू, ६ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की मत घ्यायला घरी येणारी माणसं या वेळी कधी येणार. ठाणे महापालिकेसाठी ती येणार नाहीत. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा तुम्ही घरून मत दिलंत. त्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो आणि ८५ वर्षं पूर्ण झालेल्यांना त्याच्या नियमात टपाली मत, म्हणजे घरूनच मतपत्रिकेवर मत द्यायची सोय आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असते. तिथे टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना मिळते, वय बघून नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण वॉर्डाचा नगरसेवक तुमच्या सर्वांत जवळचा. पण १५ तारखेला, गुरुवारी, केंद्रावर जावंच लागेल.

त्याआधी केंद्र कुठलं ते बघा. विधानसभेला आई ज्या शाळेत गेली, तीच शाळा असेल असं धरून चालू नका. प्रभागानुसार यादी नव्याने फोडलेली असते. आयोगाच्या ‘मताधिकार’ ॲपवर नाव, प्रभाग आणि यादीतला अनुक्रमांक मिळतो, तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नावापुढे दोन तारे दिसले तर घाबरू नका. ती संभाव्य दुबार नावाची खूण आहे. दुसरीकडे मत देणार नाही असं हमीपत्र केंद्रावर भरून दिलं की मतदान करता येतं.

वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. पहिला तास टाळा, नाश्ता आणि गोळ्या उरकून दहाच्या सुमारास निघा. मतदार ओळखपत्र किंवा आधारकार्ड मूळ घ्या, झेरॉक्स चालत नाही. जवळचा चष्मा विसरू नका. मोबाइल घरीच ठेवा, आत नेऊ देत नाहीत. रांगेत उभे राहू नका. दारावरच्या कर्मचाऱ्याला वय सांगा, ज्येष्ठांना आधी सोडतात.

आता आई, हे तुझ्यासाठी मुद्दाम. ठाण्यात एक प्रभाग सोडला तर बाकी सगळे चार-चार जागांचे, म्हणजे तुला चार मतं द्यायची आहेत. मुलुंडच्या मावशीला एकच बटण दाबायचंय, कारण मुंबई महापालिकेत प्रभागाला एकच जागा असते; तिचं ऐकून तूही एक दाबून बाहेर येशील, म्हणून सांगते. अ, ब, क, ड अशा जागा आणि त्यांच्या मतपत्रिकांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. प्रत्येक रंगात एकच बटण. कोणी पसंत नसेल तर त्या रंगातला ‘नोटा’ दाब, पण रंग सोडू नकोस. चारही झाल्यावरच लांब शिटीसारखा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय हलू नकोस. या निवडणुकीत चिठ्ठीचं यंत्र नाही. चिठ्ठी दिसली नाही तरी मत गेलेलं असतं.

पुढची लोकसभा २०२९ मध्ये. तोवर आईचीही ८५ पूर्ण होतील, तेव्हा दोघांनी नमुना १२-ड, म्हणजे घरून मत देण्याचा अर्ज भरा. अधिसूचनेच्या तारखेपासून पाच दिवसांत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचावा लागतो. लोक इथेच चुकतात: आचारसंहितेची घोषणा आधी होते, अधिसूचना नंतर निघते. बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, फॉर्म घेऊन घरी येतात, त्यांच्याकडून पोच घ्या. एकदा हा मार्ग मंजूर झाला की यादीत नावापुढे खूण होते आणि केंद्रावर मत देता येत नाही. मत घ्यायला येणारं पथक जास्तीत जास्त दोनदा येतं. त्या दिवसांत डॉक्टरांची वेळ घेऊ नका.

तेव्हा घरी मतपत्रिका भरताना एकाच नावापुढे खूण करा, सही किंवा नाव कुठेही लिहू नका. मतपत्रिका एकटीच छोट्या पाकिटात, १३-ब मध्ये. १३-अ घोषणापत्रावर तुमची सही आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन हवं. ते छोट्या पाकिटात घातलं तर मत बाद होतं. ते आणि बंद केलेलं छोटं पाकीट, दोन्ही मोठ्या १३-क मध्ये जातात. सही राहिली तर मतपत्रिकेचं पाकीट उघडतही नाहीत.

केंद्राचा पत्ता मिळाला की मला कळवा. तळमजल्यावर आहे का, तेही विचारा. नसेल तर व्हीलचेअरसाठी मी इथून प्रभाग कार्यालयात फोन करते.

तुमची,
ताई