एबरच्या घळीतून

वेल्स, सॉमरसेट, इंग्लंड
२३ नोव्हेंबर

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल एबरच्या घळीत जाऊन आले. मेंडिप टेकड्यांमध्ये आहे, इथून जवळच. आधी दाट झाडी, ओल्या दगडांवर शेवाळ आणि नेचे. मग दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की दगडांना हात टेकत चढावं लागतं. सगळा चुनखडक. पाण्याने तो विरघळवत नेला, त्यातूनच कपारी आणि गुहा झाल्या.

त्या गुहांमध्ये हॉर्सशू वटवाघळं राहतात. नाकाभोवतीची कातडी घोड्याच्या नालेसारखी वळलेली असते म्हणून हे नाव. आवाजही ती नाकातूनच काढतात, पण आपल्या कानाला तो लागत नाही. यांची एक धाकटी जात आहे, तिचं वजन जेमतेम ५ ते ९ ग्रॅम! पंखांची शाल अंगभर गुंडाळून उलटं लटकायचं आणि झोपायचं. मोठ्या जातीतली काही तीस वर्षं जगतात, पण मादीला वर्षाला फार तर एकच पिल्लू होतं. म्हणून एकदा संख्या घटली की भरून यायला फार काळ जातो.

सध्या त्यांची थंडीतली लांब झोप चालू आहे. अंग गुहेइतकं गार पडतं, आणि शिदोरी काय, तर शरीरात साठवलेली चरबी. कुणी बॅटरी घेऊन आत शिरलं तर ती जागी होतात. मग अंग पुन्हा तापवण्यात तीच चरबी जळते, आणि बाहेर खायला किडे फारसे नसतात. वसंतापर्यंत पुरणार कशी? ताईचं बाळ झोपलं की तू घरभर दबक्या पावलांनी वावरतेस ना, मला तेच आठवत होतं. मी गुहेकडे वळलेच नाही. इतक्या लांब येऊन एकही वटवाघूळ दिसलं नाही, तरी फार बरं वाटलं.

इथे १९८१ च्या कायद्याने सगळ्या वटवाघळांना संरक्षण आहे. घराच्या माळ्यावर त्यांनी बिऱ्हाड केलं तरी मालकाला परस्पर हुसकावता येत नाही. ही घळसुद्धा १९६७ साली मालकीणबाईंनी चर्चिल यांच्या स्मरणार्थ नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेला, देऊन टाकली. केवढं मन!

जूनमध्ये पुन्हा जाईन, दिवस मावळताना. त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा करून देणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते तोवर घेऊन ठेवते. तुला फोनवर ऐकवीन.

बाबांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी लेक