आयसीयूतल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

आईच्या डिस्चार्ज कार्डावर मोठ्या डॉक्टरांचं नाव आहे, तपासण्यांचे आकडे आहेत. तुमचं नाव कुठेच नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आईला लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला होता. त्यातून हृदयाची झडप अरुंद झाली, तिच्यामागचा कप्पा ताणला गेला आणि उतारवयात ठोक्यांची लयच बिघडली. एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. ते मनगटावर बोट ठेवून कसं ओळखायचं, हे मात्र तुमच्याकडून कळलं.

तुम्ही ब्रदरना हाक मारायचात. एकाच घड्याळाकडे बघत त्यांनी छातीला स्टेथो लावून ठोके मोजायचे, तुम्ही मनगटाची नाडी. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. छातीत १२८ आणि मनगटात ९६, असे आकडे यायचे. बोटाच्या क्लिपवर आकडा दिसतोय की, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "काही ठोके हृदय पुरतं भरायच्या आतच पडतात. ते हातापर्यंत पोचतच नाहीत, मग क्लिपला कसे कळणार?" तो फरक कमी होत गेला तसा आमचाही जीव भांड्यात पडला.

आणि ती मिश्रीची रात्र! मॉनिटर एकदम बोंबलायला लागला, पडद्यावर रुंद, दातेरी लाटा. मी किंचाळलेच. तुम्ही धावत आलात, पण पडद्याआधी आईचा चेहरा पाहिलात, मनगट धरलंत आणि म्हणालात, "आजी, तोंडात काय आहे?" आई पदराआड मिश्री घासत होती! हात हलला, छातीवरच्या वायरी हलल्या, आणि मशीनला ती जीवघेणी लय वाटली. तिथे कुणी नुसता पडदा बघून धावपळ केली असती तर, या विचारानं अजून पोटात गोळा येतो. तुम्ही अलार्म कायमचा बंद केला नाहीत. घामानं सुटलेले चिकट ठिपके काढलेत, कातडी पुसून कोरडी केलीत, नवे लावलेत. आईला रागावलातही, पण शेजारच्या पेशंटला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

सर्वांत मोठे आभार डिस्चार्जच्या दिवशीचे. रात्रभर जागून तुम्ही घरी न जाता आमच्याजवळ बसलात. फुगलेल्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा होतो, म्हणून एसिट्रोम, रक्त पातळ ठेवणारी गोळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, आयएनआर, २ ते ३ मध्ये ठेवायचा. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी, म्हणजे सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बघून डोस त्याच दिवशी बदलता येतो. मेथी-पालक बंद करायचं नाही. आज जुडीभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं मात्र चालायचं नाही. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. आणि गावात हमखास घडणारी गोष्ट तुम्ही बरोबर हेरलीत: कंबर दुखते म्हणून दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेणं. रक्त पातळ असताना स्नायूत आतल्या आत रक्त साठतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ठोक्यांचा वेग आवरणारी डिगॉक्सिनची गोळी आठवड्यातून पाचच दिवस का, हेही तुम्हीच सांगितलंत. ते औषध अंगात रेंगाळतं आणि लघवीवाटे सावकाश जातं. गोळीआधी नाडी मोजायची; साठच्या खाली असेल, मळमळत असेल किंवा सगळं पिवळं दिसायला लागलं, तर गोळी थांबवून फोन करायचा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडं बोलायला लागली, तर घड्याळ बघायचं आणि तडक हॉस्पिटल. सकाळी बघू, असं म्हणायचं नाही.

हे सगळं तुम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. तो आता फ्रिजवर चिकटवलाय. मोजायचं काम नातवाकडे आहे आणि तोही पूर्ण मिनिट मोजतो, आजी मध्येच बोलली तर पुन्हा एकपासून. गेल्या तपासणीत आयएनआर २.४ आला. गल्लीतल्या एका काकूंना हीच गोळी सुरू झाली, त्यांना कागदाची झेरॉक्स दिलीय. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांचाच पाळा, असं बजावूनही सांगितलं.

पुढच्या फेरीला तुमची दिवसपाळी असेल तर वर येऊन भेटते. आई शेंगदाण्याची चटणी पाठवणार आहे.

तुमची,
बेडजवळच्या स्टुलावर बसून राहणारी लेक