बाबांच्या डोळ्यातलं कॅल्शियम

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांच्या पडद्याचे फोटो आणि डोळ्याची सोनोग्राफी नीट पाहिली. ते पिवळट-पांढरे डाग म्हणजे कर्करोगाची गाठ नाही. ते दोन्ही डोळ्यांत आहेत, कानशिलाकडच्या वरच्या बाजूला. मशीनची तीव्रता उतरवली तरी पांढरेशुभ्र चमकतात आणि मागे काळी सावली टाकतात. कॅल्शियम असंच दिसतं. याचं नाव स्क्लेरोकोरॉइडल कॅल्सिफिकेशन, म्हणजे डोळ्याच्या मागच्या थरांत कॅल्शियम साचणं. क्वचितच आढळतं, म्हणून आधी गाठीची शंका येते.

डाग मॅक्युलापासून, म्हणजे बारीक अक्षर वाचणाऱ्या भागापासून लांब आहेत. त्यामुळे बाबांची नजर शाबूत आहे. हे कॅल्शियम काढत नाहीत. विरघळवणारे थेंब कुणी सुचवले तर घालू नका, ते तिथवर पोचतच नाहीत.

उतारवयात बहुधा कारण सापडत नाही. पण कधी पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या) जादा काम करत असते, कधी मूत्रपिंडातून पोटॅशियम-मॅग्नेशियम वाहून जात असतं. म्हणून रक्ताची तपासणी टाळू नका: कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, डी जीवनसत्त्व आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक). दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, कॅल्शियम खोटं वाढतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी आलं, तर कमी पडलेल्या दर १ ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवून वाचायचं. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला आधी सांगा, पीटीएचचा आकडा चुकू शकतो.

आई, ६०,००० युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपुरतीच असते. कोर्स संपूनही देत असशील तर थांबव. महिनोन्‌महिने घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीत थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) आहे का ते डॉक्टरांना विचारा, त्यानेही चढतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

खरा धोका एकच, आणि तोही क्वचित: डागाजवळ नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवून त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपणं. म्हणून आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध ठिपका काढून ते ३० सेंटिमीटरवर धरा आणि त्या ठिपक्याकडे बघा. मग दुसरा डोळा. रेघ वाकडी दिसली, मधे करडा डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता एक-दोन दिवसांत दाखवा. वेळेत इंजेक्शन दिलं तर नजर वाचू शकते.

तपासणीला जाताना बाबांनी स्कूटर नेऊ नये. तिथे घालतात त्या थेंबांनी बाहुली चार-सहा तास मोठी राहते. आई, तू सोबत जा आणि काळा चष्मा घ्या.

तुमची लेक