पडक्या मनोरुग्णालयांत भुते शोधू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील ओसाड वास्तूंच्या छायाचित्रांचे पान पाहिले. छायाचित्रे झकास आहेत, पण त्यांखालच्या ओळी खटकल्या. बंद पडलेले मनोरुग्णालय म्हटले की रात्रीच्या किंकाळ्या आल्या, आपोआप हलणारी खुर्ची आली, पांढऱ्या कपड्यांतली परिचारिका तर हवीच. मी न्यू जर्सीत राहतो, जुन्या इमारतींचे फोटो काढण्याचा नाद आहे आणि अशीच एक अवाढव्य इमारत आमच्या भागात होती, म्हणून हे पत्र.

ती म्हणजे ग्रेस्टोन पार्क. पार्सिपनी परिसरात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांतल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. १८७६ साली हे रुग्णालय सुरू झाले ते फिलाडेल्फियाच्या डॉ. थॉमस कर्कब्राइड यांच्या आराखड्यावर. मधोमध कचेरी, दोन्ही अंगांना एकापुढे एक थोडे मागे सरकत गेलेले कक्ष. हेतू हा, की प्रत्येक कक्षात उजेड आणि वारा खेळावा. मोकळी हवा, बाग, हाताला काम आणि माणुसकीची वागणूक मिळाली की रुग्ण बरा होतो, अशी त्या काळच्या सुधारकांची श्रद्धा होती. आज भुताटकीची वाटणारी ही वास्तू मुळात कुणाच्या तरी आशेतून बांधलेली आहे, हे आपल्या पानावर कुठेच नव्हते.

मग गर्दी झाली. १९५३ मध्ये ग्रेस्टोनमध्ये साडेसात हजारांहून जास्त रुग्ण होते. प्रसिद्ध लोकगायक वूडी गथ्री १९५६ ते १९६१ या काळात इथे होता. त्याला हंटिंग्टन हा मज्जासंस्थेचा आनुवंशिक आजार होता. पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक बॉब डिलन तरुणपणी त्याला भेटायला इथेच आला होता. २००८ मध्ये शेजारी नवे रुग्णालय झाले, जुने ओस पडले आणि जतनासाठी स्थानिकांनी जिवाचे रान करूनही २०१५ मध्ये ते जमीनदोस्त झाले. मधल्या वर्षांत कॅमेरे घेऊन कितीतरी पोरे कुंपणावरून आत शिरली. मी रस्त्यावरूनच फोटो काढले. आत जाणे बेकायदा होते, शिवाय कुजलेला मजला कॅमेरा आणि माणूस यांत फरक करत नाही.

रीतसर आत जायचे तर पश्चिम व्हर्जिनियातील वेस्टनला जावे. १८६४ मध्ये पहिले रुग्ण घेतलेले तिथले दगडी मनोरुग्णालय १९९४ मध्ये बंद पडले, २००७ मध्ये लिलावात विकले गेले आणि आता तिकीट काढून बघता येते. अडीचशे रुग्णांसाठी योजलेल्या त्या इमारतीत १९५०च्या दशकात चोवीसशेच्या आसपास माणसे कोंबली होती. तो आकडा डोक्यात ठेवून लांबलचक बोळात कॅमेऱ्याचे तिकाटणे लावले की चौकटीकडे बघण्याची नजरच बदलते. भिंतीवरचा रंग उन्हात कडा वळलेल्या पापडासारखा सुटलेला असतो. फोटोत तो फार सुरेख येतो, पण जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा हात लावू नये आणि मास्क काढू नये. खिडक्यांचेही तसेच. तुरुंगाचे गज दिसू नयेत म्हणून तावदानांच्या चौकटीच लोखंडी करायच्या, ही कर्कब्राइड यांची सूचना. अशा खिडकीचा फोटो लांबून काढला तर ती साध्या घराची खिडकी वाटते. जवळ जाऊन भिंग फिरवले की लोखंड दिसते. मला विचाराल तर त्या एका खिडकीत सगळ्या भूतकथांपेक्षा जास्त काही आहे.

वेस्टनला रात्रीच्या भुतांच्या सहलीही असतात. मला त्या आवडत नाहीत. पण त्यांच्याच तिकिटांवर तिथली डागडुजी चालते आणि आमचे सभ्य ग्रेस्टोन पाडले गेले, हेही खरे. आता बोला!

ही रुग्णालये रिकामी कशी झाली, ती गोष्ट सांगायला भुतांची गरज नाही. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर रुग्ण होते. क्लोरप्रोमाझिनसारखी मनोविकारांवरची औषधे आली, १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी गावोगावच्या उपचार केंद्रांचा कायदा केला आणि रुग्ण घरी जाऊ लागले. पण ठरलेल्या केंद्रांपैकी बरीचशी उभीच राहिली नाहीत. किती जण रस्त्यावर आले, किती तुरुंगात गेले.

छायाचित्रकाराने कुठवर जावे, याचे उत्तर मला न्यूयॉर्क राज्यातील विलार्डमध्ये थोडेफार सापडते. १९९५ मध्ये ते रुग्णालय बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक बॅगा निघाल्या. भरती होताना सोबत आणलेल्या, पुन्हा कधी न उघडलेल्या. जॉन क्रिस्पिन या छायाचित्रकाराने त्या एकेक करून टिपल्या. त्यांत ना अंधार, ना कोळिष्टके. माणूस घरून निघताना काय भरतो, एवढेच दिसते. गोपनीयतेच्या नियमांमुळे रुग्णांची आडनावे मात्र देता येत नाहीत. तिथल्या दफनभूमीतही हजारो थडग्यांवर नावांऐवजी आकडे होते. गोपनीयता की पुन्हा एकदा पुसून टाकणे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तोवर मी भिंत, खिडकी, खाट टिपतो. केसपेपर किंवा नावाची चिठ्ठी दिसली की कॅमेरा खाली.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण इमारतींचे काय? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चारही मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतली. ठाण्याचे १९०१ चे. त्याच्या आवारातली काही जागा नव्या रेल्वे स्थानकासाठी दिली आहे. 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हसलेल्या आपल्यापैकी किती जणांनी तिथला एक तरी कक्ष पाहिला असेल? जुने कक्ष पडण्याआधी आरोग्य खात्याने परवानगी देऊन, एकही रुग्ण चौकटीत येणार नाही अशा बेताने, त्यांची नीट छायाचित्रे काढून घ्यावीत. नकाशे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणीही त्यांसोबत ठेवाव्यात. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरला तर खाते हलेल. आणि पुरवणीत पुढच्या खेपेस असे छायाचित्र आले, तर त्याखाली गावाचे नाव, बांधकामाचे साल आणि खाटांची व रुग्णांची संख्या छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पार्सिपनी (न्यू जर्सी)