मराठवाड्यातल्या मुलांना ओहोटी गाठू द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला समुद्र भेटतो तो फॉर्मॅलिनच्या बरणीत. तारामासा पिवळा पडलेला, ऑक्टोपस आक्रसलेला, लेबल पुसट. त्यावरून शरीररचना शिकवता येते. प्राणी कधी बाहेर पडतो, काय खातो, कुणाला टाळतो हे कळत नाही. सागरी प्राण्यांच्या वर्तनावर ज्याला आयुष्यभर काम करायचंय, त्याला किनाऱ्यावरचे दिवस लागतात.

अंतराचा बाऊ आम्ही करत नाही. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबई, पुढे कोकणची गाडी, की पोरं मालवणला पोचतात. घोळ वेळापत्रकात आहे. खडकाळ किनाऱ्यावरचं काम उधाणाच्या ओहोटीला होतं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तीन-चार दिवस, आणि एका ओहोटीत जेमतेम दोन तास. भरतीची ढोबळ वेळ तिथीच्या पाऊणपटीने निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला अकरा-बारा. अमावास्येची ओहोटी त्यामुळे पहाटे पाच-सहाला येते. अभ्यास सहल मात्र जोडून सुट्ट्या पाहून ठरते आणि बस दहाला पोचते, तेव्हा पाणी चढत असतं. भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी चढ-उताराचे दिवस असतील तर खालचे खडक उघडेच पडत नाहीत. मग आतले प्राणी मोजायची अर्ध्या मीटरची चौकट टाकायची कुठे? अहवालात वरच्या पट्ट्यातल्या चार गोगलगायी येतात आणि निष्कर्ष निघतो, ‘जैवविविधता कमी’.

कासवांचंही तसंच. ऑलिव्ह रिडले कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर. आमच्या सत्र परीक्षा नेमक्या या हंगामाच्या दोन टोकांना बसवलेल्या. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९ अंशांच्या वर माद्या वाढतात. ते मोजायचं तर डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदणारं छोटं यंत्र, वाळूत अंड्यांच्याच खोलीवर पुरून ठेवावं लागतं. वीतभर वर राहिलं तर दुपारच्या उन्हाचे आकडे मिळतात. शिवाय कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची एकमध्ये असल्याने घरट्याला हात लावायला वनखात्याची परवानगी हवी. विषय डिसेंबरात मंजूर झाला, तर परवानगी येईपर्यंत हंगाम संपतो. म्हणून प्रकल्पाचे विषय जूनमध्ये ठरावेत आणि परवानगीचे अर्ज विद्यापीठाने एकत्रित पाठवावेत.

निम्मं प्रशिक्षण इथेच होऊ शकतं, हेही सांगायला हवं. वर्तनाच्या नोंदी शिकायला जायकवाडीच्या नाथसागराचे पक्षी किंवा तळ्यातले खेकडे पुरतात. आधी वर्तनकोश बनवायचा: ‘खाणं’ म्हणजे नेमकं काय, ‘हुसकावणं’ कुठे सुरू होतं. मग दोघांनी एकच चित्रफीत वेगवेगळी पाहून नोंदी करायच्या आणि जुळवायच्या. दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा आकडा, कोहेनचा कप्पा, ०.७ च्या खाली आला, तर दोष प्राण्याचा नसतो, व्याख्येचा असतो. ती पुन्हा लिहायची. हे न करता मूल थेट डॉल्फिनच्या होडीत बसलं की प्रत्येक उडीला ‘खेळ’ लिहितं. डॉल्फिनचा पाठीवरचा पर सेकंद-दोन सेकंद दिसतो. त्याच्या खाचांवरून प्राणी ओळखायचा, तर दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. एकाच बाजूचे राहिले तर एक प्राणी दोनदा मोजला जातो. आणि लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की मोजणी थांबवायची, कारण डॉल्फिन तिथेच असतात, आपल्याला दिसत नाहीत.

म्हणून विनंती आहे ती इमारतीची नाही. मराठवाड्यात ‘सागरी संशोधन केंद्र’ उभारण्याची कल्पना कुणी मांडली, तर कृपया ती बाजूला ठेवा. कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि वसतिगृह करारावर मिळवून द्या. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी प्रत्येकाला तिथे सलग एकवीस दिवस द्या, म्हणजे एक तरी उधाण पुरतं हाती लागतं. खर्च आगाऊ द्या. बिलं जोडून परताव्याची पद्धत इथे चालत नाही. लहान होडीवाला जीएसटीचं बिल देत नाही, रक्कम लेखापरीक्षणात अडकते आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्याघरची मुलगी नावच देत नाही. पाण्याखाली काम करू इच्छिणाऱ्या निवडक मुलांना तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षण मिळावं; पोहणं मात्र त्यांनी इथे शिकूनच जावं.

पुढे जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, पण ती परीक्षा देण्याआधी मुलाला हा विषय आपला वाटायला हवा.

शासन निर्णय निघेल तेव्हा तारखा ठरवताना शेजारी पंचांग आणि भरती-ओहोटीचं कोष्टक ठेवावं.

आपले,
मराठवाड्यात प्राणिशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक