कोजागरीच्या मैफलीचे आभार

कोजागरीला सोसायटीच्या मैदानात गाणं रंगलं, ते स्टेजवर न दिसलेल्या मंडळींमुळे. सतरंज्या झटकून अंथरणारे, दवाने तबल्याचा सूर उतरू नये म्हणून वर ताडपत्री ताणणारे, स्वतःच्या घरातून वायर सोडून वीज देणारे, सगळ्यांचे मनापासून आभार. दुधाच्या पातेल्याशी उभ्या राहून तळाला डाव फिरवत राहिलेल्या काकूंचे जरा जास्तच! चारोळी सढळ, जायफळ बेताचं, आणि दूध कुठेही लागलं नाही. भेळ शेवटपर्यंत कुरकुरीत राहिली, कारण कुणीतरी चिंचेचं पाणी हट्टाने वेगळं ठेवलं होतं. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम. त्याआधी समारोपाची भैरवी गाठून देणाऱ्यांनाही दाद. पातेल्यांची दोन झाकणं ऑफिसात पडून आहेत, ज्यांची असतील त्यांनी न्यावीत.