मृगळाला रोहू म्हणालो त्याची गोष्ट

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

प्रिय विन्या,

पैज तू जिंकलास. 'अडीच किलोचा रोहू' म्हणून ज्याचा फोटो पाठवून मिरवलं, तो मासा मृगळ निघाला. तू 'मला नाही वाटत' एवढंच म्हणालास, तर मी तुलाच वेड्यात काढलं.

बिंग बाजारात फुटलं. मासा साफ करायला दिला, तर मावशींनी सुरी लावायच्या आधी अंगठ्याने त्याचा ओठ खाली ओढला. "झालर कुठाय याला? मिरगल आहे हा." मग स्वतःच्या पाटीतला रोहू उचलून दाखवला. जाड ओठ, आणि कड जुन्या टॉवेलसारखी दशा सुटलेली. माझ्या माशाचा ओठ पातळ, गुळगुळीत. तोंड रुंद, नाकाड बोथट, अंग सडपातळ आणि चंदेरी. दोन्ही शेजारी ठेवल्यावर काय, शेंबडं पोरही सांगेल!

मी फसलो रंगावर. रोहूच्या खवल्यांवर लाली असते खरी, पण मृगळाच्याही पोटाकडच्या परांना नारिंगी झाक येते, आणि गढूळ तळ्यात रंगाचा काय भरवसा? मिशाही बघत बसू नकोस. दोघांच्याही बारीक, रोहूच्या तर खाचेत दडलेल्या. शिवाय गळाला लावलेला कणकेचा गोळा मी अगदी तळाला टाकला होता. मृगळ तळातलंच खातो, तेव्हाच शंका यायला हवी होती.

कटल्यात चुकणार नाहीस: हे एवढं डोकं, तोंड आभाळाकडे. काळ्या कालबासूच्या ओठांनाही झालर असते, पण त्याच्या मिशांच्या दोन जोड्या चांगल्या दिसतात. सायप्रिनसच्या, म्हणजे कॉमन कार्पच्या, पाठीवरचा पर लांबलचक, त्याचा पहिला काटा करवतीसारखा. हात सांभाळ.

आणखी एक. रोहू, कटला, मृगळ मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. हिरालाल चौधुरींनी 1957 साली ओडिशात पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे याच कुळातल्या, माशांची वीण करून दाखवली, आणि पुढे बीज, म्हणजे माशांची पिल्लं, हॅचरीत तयार व्हायला लागलं. तिथे जाती एकत्र सोडल्या की संकरही होतात. त्यामुळे उजनीला एखादा अर्धा कटला, अर्धा रोहू लागलाच, तर माझ्याशी भांडू नकोस.

फोटो काढशील तो तोंडाचा काढ, जवळून, ओठ ओढून. मासा हातात धरून हसतानाचा नको. तसल्यानेच माझी फजिती झाली.

पैजेची मिसळ मामलेदारकडे, तू म्हणशील तेव्हा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या